विश्वजीतचे रविवार

१

जुन्या कॉम्प्युटरमधला माल नव्यात हलवायची माझी एक ठरलेली पद्धत आहे. तीत बदल सुचवणाऱ्या गिऱ्हाइकाला मी सरळ रस्ता दाखवतो. किडलेलं, म्हणजे व्हायरस लागलेलं मशीन आणि नवं मशीन एकमेकांना कधीही जोडायचं नाही. जुन्याची हार्ड डिस्क काढायची आणि दुकानातल्या एका म्हाताऱ्या मशीनला लावायची. ते मशीन मी मरायलाच ठेवलंय. तिथून फोटो, पत्रं, साधा मजकूर एवढंच उचलायचं. प्रोग्रॅम एकही नाही. उचललेलं तपासायचं, सीडीवर लिहायचं आणि ती सीडी नव्या मशीनमध्ये घालायची. एकदा लिहिलेल्या सीडीवर पुन्हा काही लिहिता येत नाही, त्यामुळे कीड मागेच राहते. शेवटी जुनी डिस्क पुसून टाकायची. तपकीर गल्लीत जिन्याखालच्या दहा बाय आठच्या खोलीत मी अकरा वर्षं हेच करत आलो होतो, आणि माझ्या हातून एकही नवं मशीन बाधलं नव्हतं. याचा मला थोडा माजही होता.

काय काय हलवायचं ते मी गिऱ्हाइकाकडून कागदावर लिहून घेतो. नाहीतर महिन्याभरानं लोक येतात आणि जे कधी नव्हतंच ते हरवलं म्हणून भांडतात.

दोन हजार पाच सालच्या सप्टेंबरात एका सकाळी सत्यशीलाबाई दुकानात आल्या. वारज्याच्या जुन्या शेतकरी घरातल्या. साठी ओलांडलेल्या, नऊवारी नेसलेल्या, हातात कापडी पिशवी. नवं मशीन घरी येऊन पडलं होतं, जुनं दर पाच मिनिटांनी आपोआप बंद पडत होतं. पिशवीतून त्यांनी भाडेकऱ्याच्या मुलीकडून लिहून आणलेला कागद काढला. त्यावर तीनच ओळी होत्या: फोटो, विश्वजीतची पत्रं, रविवारचं सगळं.

रविवारचं म्हणजे काय, असं मी विचारलं. त्यांनी सांगितलं की विश्वजीत हा त्यांचा एकुलता एक मुलगा, आठ वर्षं अमेरिकेत आहे, तिकडे सॉफ्टवेअरमध्ये. दर रविवारी सकाळी दहा वाजता तो कॉम्प्युटरवर येतो आणि बोलतो. दोन वर्षांत एक रविवार चुकला नाही.

“त्यो ह्याच्यात येतो, भाऊ,” त्या म्हणाल्या. “नव्यात त्याला वाट न्हाई गावली तर मी काय करू?”

मुलगा तारेतून येतो, डब्यातून नाही. डबा बदलला तरी तो येणारच, असं मी त्यांना समजावलं. डॉक्टरचं ऐकावं तसं त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग कागदावरच्या तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून, तरी हे सगळं घ्या, असं सांगून त्या गेल्या.

२

बंगला तीन मजली होता. जमीन बिल्डरला गेली तेव्हा बांधलेला, दर्शनी भागाला काचा, आत मात्र उंबऱ्यापाशी पायताणं आणि कोपऱ्यात जात्याचा दगड. कॉम्प्युटर पहिल्या मजल्यावरच्या खोलीत होता. खिडकीतून समोर फक्त इमारती दिसत होत्या, बाल्कनीत वाळत घातलेल्या कपड्यांसकट. जिथे त्या उभ्या होत्या तिथे दहा वर्षांपूर्वी यांची ज्वारी असायची.

सत्यशीलाबाईंचे यजमान रावसाहेब कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसले होते. डोक्यावर टोपी, हात गुडघ्यांवर, नजर पडद्यावर. पडदा बंद होता. मी नमस्कार केला तर ते छान हसले आणि परत पडद्याकडे पाहू लागले.

स्क्रू काढता काढता काहीतरी बोलावं म्हणून मी विचारलं, रावसाहेब, इथे तुमची शेती किती होती? आता या गावांतल्या म्हाताऱ्यांना हा प्रश्न विचारण्यात एक धोका असतो. त्यांच्या प्रत्येक तुकड्याला नाव असतं, प्रत्येक बांधाला भांडण असतं, आणि एकदा सुरू झाले की जेवणवेळेपर्यंत तुमचं काम होत नाही. मी तयारीनंच विचारलं होतं.

“शेत?” रावसाहेब म्हणाले.

त्यांनी तो शब्द पहिल्यांदाच ऐकल्यासारखा उच्चारला. पुढे काहीच आलं नाही. वय झालं आता, असं सत्यशीलाबाई दारातून म्हणाल्या आणि चहा टाकायला खाली गेल्या. वय सत्तर होतं. बाकी माणूस ठणठणीत दिसत होता. बायकोला नावानं हाक मारत होता, चहात साखर कमी झाली हे त्याला कळत होतं.

मग मी मशीन पुढे ओढलं. मोडेममधून निघालेली टेलिफोनची तार खिडकीच्या चौकटीतल्या भोकातून बाहेर गेली होती. मी वाकून पाहिलं. भिंतीवर हातभर खाली ती तुटलेली लोंबत होती आणि टोकाचं तांबं हिरवं पडलं होतं. चहा आला तेव्हा मी विचारलं. रस्ता रुंद झाला तेव्हा लाइन तुटली, त्याला दोन वर्षं झाली, परत जोडून घेतली नाही, मोबाइल आहे ना, असं उत्तर मिळालं.

मग रविवारी मुलगा कसा येतो? येतो की, असं त्या म्हणाल्या.

मी दुसरी तार शोधली. शेजारच्याची केबल असेल, वरच्या भाडेकऱ्यानं काही जोडून दिलं असेल. मशीनला विजेच्या वायरीशिवाय आणि कॅमेऱ्याच्या वायरीशिवाय काहीही जोडलेलं नव्हतं. तेव्हा बिनतारी इंटरनेटची चर्चा नवी नवी सुरू झाली होती. तसलं काहीतरी असणार, असं मी ठरवून टाकलं. सात वर्षांच्या जुन्या मशीनमध्ये तसलं काही नसतं हे मला माहीत होतं.

मी प्लग काढला. पंखा थांबला. डिस्कची करकर मात्र चालू राहिली. डिस्क गतीनं फिरत असते, वीज गेल्यावर सात-आठ सेकंद तिचा आवाज येतो, यात नवल नाही. मी चाळीसपर्यंत मोजलं आणि मग मोजायचं सोडून डिस्क उपसून काढली. रावसाहेबांनी तेवढ्यापुरता हात पुढे केला आणि परत गुडघ्यावर ठेवला.

३

दुकानात डिस्क लावली. कीड अपेक्षेपेक्षा जास्त होती. एकही प्रोग्रॅम धड नव्हता. फोटो चांगले होते, पत्रंही होती. पत्रं म्हणजे विश्वजीतनं पहिल्या दोन-तीन वर्षांत पाठवलेले ईमेल. तब्येत सांभाळा, पैसे पाठवलेत, कामात आहे, असे चार-चार ओळींचे. पुढे तेही बंद झालेले.

‘रविवार’ नावाच्या फोल्डरमध्ये एकशे बारा फाइली होत्या. सगळा साधा मजकूर. साध्या मजकुराला कीड लागत नाही, हे या धंद्यातलं पहिलं तत्त्व. तपासायचं म्हणून मी एक उघडली.

मजकूर मराठी होता. त्या काळी मराठी टाइप करायचं तर विकतचा फॉन्ट घालावा लागे, आणि तो नसला तर नुसती चिन्हांची खिचडी दिसे. या डिस्कवर तसला फॉन्ट नव्हता. माझ्या म्हाताऱ्या मशीनवरही नव्हता. अक्षरं मात्र स्वच्छ होती. शिवाय त्या घरात टाइप करणारं कोणीच नव्हतं; त्या दोघांपैकी कोणी कीबोर्डला बोटही लावत नसे, असं सत्यशीलाबाईंनीच मला सांगितलं होतं.

पहिल्या साठ-सत्तर फाइलींत रावसाहेब बोलत होते. घोरपडीचं शेत आज्यानं बैल विकून घेतलं. त्याच्या खालचं जांभळीचं, त्यात तीन जांभळी होत्या, मधली चुलत्यानं तोडली. नदीच्या अंगाला मळई. विहिरीचं पाणी मार्चपर्यंत टिकायचं. बोलताना ते जिथे खोकले होते तिथे खोकलाही लिहिलेला होता. अडीच तास कसे गेले ते मला कळलंच नाही, इतकं ते चांगलं सांगितलेलं होतं. दुसऱ्या बाजूनं येणारे शब्द अगदी थोडे होते. मग? त्याच्या आधी? अजून सांगा.

मुलगा बापाकडून सगळं काढून घेतोय, लिहून ठेवतोय, असं मला वाटलं. बरंही वाटलं. परदेशात राहून एवढं कोण करतं? फक्त एक गोष्ट खटकत राहिली, म्हणून मी परत मागे जाऊन पाहिलं. एवढ्या रविवारांत त्यानं एकदाही बाबा म्हटलं नव्हतं.

पुढे पुढे रावसाहेबांची उत्तरं आखडत गेली. त्र्याहत्तराव्या फाइलीत इतकंच होतं:

आता न्हाई काही.

विहिरीचं सांगा.

कसली विहीर?

बरं. आता त्यांना बसवा.

चौऱ्याहत्तराव्या फाइलीपासून सत्यशीलाबाई बोलत होत्या. विश्वजीतचा जन्म त्यांच्या माहेरी कात्रजला, पडवीत. आत्यानं नाळ कापली. तो रांगला, चालला, तापानं फणफणला, शाळेत गेला. सगळं ओळीनं. शेवटच्या फाइलीत तो दुसरीत होता.

बाहेर गल्लीत दुपारची गर्दी होती, समोरचा दुकानदार स्पीकरची चाचणी घेत होता. तरी मी उठून दुकानाचं दार आतून लावून घेतलं. कशासाठी लावलं हे मला सांगता येणार नाही.

४

जुन्या ईमेलमध्ये विश्वजीतचा नंबर होता. तिकडे सकाळ असेल अशा हिशेबानं संध्याकाळी मी फोन लावला. तो ऑफिसला जायला निघाला होता. मी कोण, कशासाठी फोन करतोय हे सांगितलं आणि रविवारच्या गप्पांबद्दल विचारलं.

कुठल्या गप्पा, असं तो म्हणाला. दोन हजार दोननंतर आपण त्या कॅमेऱ्यावर बोललेलोच नाही. दिवाळीला फोन करतो. आई अधूनमधून म्हणते खरी, की तू रविवारी किती छान बोललास, पण बाबांचं जसं झालंय तसंच तिचंही सुरू झालं असेल असं वाटलं, म्हणून मी खोडून काढलं नाही. तिला तेवढंच बरं वाटत असेल.

त्याला लाज वाटत होती, आणि ती ऐकू येत होती. थोड्या वेळानं अगदी हलक्या आवाजात त्यानं विचारलं की, ती काय सांगते रविवारी? तुझं लहानपण, मी म्हणालो. आईला जे हवं ते करून द्या काका, बिल मला पाठवा, असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

मला त्याचा राग आला. रात्री अंथरुणावर मी सगळं नीट मांडून पाहिलं. तार नाही, मुलगा नाही, फॉन्ट नाही. एखादा भामटा असेल, भाडेकऱ्याचा खोडसाळपणा असेल. पण भामट्याला म्हाताऱ्याच्या शेतांची नावं कशाला हवीत? सकाळी मी दोन सीड्यांऐवजी एकच लिहिली. फोटो आणि पत्रं. ‘रविवार’ मी घेतला नाही.

५

सत्यशीलाबाईंना मी हे वरच्या खोलीतच सांगितलं. रावसाहेब बंद पडद्यासमोर बसलेलेच होते. मी मुलाला फोन केल्याचं सांगितलं. गेल्या तीन वर्षांत तो कॅमेऱ्यावर बोललेला नाही, असंही सांगितलं.

“तुमच्याशी जो बोलतो, तो तुमचा मुलगा नाही,” मी म्हणालो.

त्या रडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी पदर सारखा केला.

“ठाऊक हाय,” त्या म्हणाल्या. “पहिल्याच रविवारी कळलं.”

“कशावरून?”

“आमच्या विश्वजीतनं मला कधी काही विचारलं न्हाई. शाळेत होता तवापासून न्हाई. ह्यो विचारतो. मी सांगते ते सगळं ऐकून घेतो, आणि पुढल्या रविवारी तिथूनच धरतो.”

मग मला एकदम सुचलं आणि मी विचारलं की विश्वजीत जन्मला कुठे. साधा प्रश्न. कोणतीही आई झोपेतून उठून उत्तर देईल असा. सत्यशीलाबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. उत्तर मला येत होतं. कात्रजची पडवी, नाळ कापणारी आत्या, सगळं मी कालच वाचलं होतं.

“ते सांगून झालंय,” त्या शेवटी म्हणाल्या. “त्याच्यापाशी हाय.”

“आणि तुमच्यापाशी?”

“माझ्यापाशी ठिवून काय करू? सासूबाईंचं सगळं त्यांच्यासंगं सरणावर गेलं. एक ओवी उरली न्हाई. तुम्ही न्हाई का लोकांचं काढून ठेवत, मशीन मरायच्या आधी?”

मी म्हणालो की मी काढतो ती नक्कल असते, मूळ जागच्या जागी राहतं. इथे मागे काहीच राहत नाहीये. रावसाहेबांकडे बघा.

त्यांनी रावसाहेबांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, मायेनं. मग विचारलं की नक्कल काढल्यावर जुन्याचं तुम्ही काय करता. पुसून टाकतो, हे मी त्यांना सांगू शकलो नाही, पण त्यांना ते माहीत असावं. तुम्ही नाही हलवलंत तर दुसरा कोणीतरी तार जोडून हलवील, असंही त्या शांतपणे म्हणाल्या. ते खरंच होतं. गल्लीत असे चाळीस जण आहेत.

मला त्या बाईची कीव आली आणि भीतीही वाटली. तरी मी हो म्हणालो ते कीव म्हणून नाही. माझा माज आडवा आला. साधा मजकूर, तपासलेला, सीडीवर लिहिलेला. त्यातून काहीही पलीकडे जाऊ शकत नाही, याची मला खात्री होती. तिला नुसती अक्षरं मिळतील, ती कोणाकडून तरी वाचून घेईल, आणि पलीकडून विचारणारं कोणी नसेल. म्हणजे तिचंही भागेल आणि माझंही, असा माझा विचार होता.

६

शनिवारी सकाळी मी दुसरी सीडी घेऊन गेलो. नवं मशीन जुन्याच्या शेजारी टेबलावर मांडलं. मोडेमची तार लावली नाही. कॅमेरा काढून माझ्या बॅगेत टाकला. बोलायचा कुठलाही प्रोग्रॅम घातला नाही.

सीडी घालणार एवढ्यात सत्यशीलाबाईंनी मला थांबवलं. जुन्या घरातून या बंगल्यात आल्या तेव्हा त्यांनी देवांचे टाक असे उचलून पिशवीत घातले नव्हते. आधी समोर सुपारी ठेवली होती, चला म्हणून सांगितलं होतं, आणि मग हलवले होते. न सांगता हलवलं तर रिकामी चांदी येते, असं त्या म्हणाल्या. त्यांनी जुन्या कीबोर्डवर सुपारी ठेवली, हात जोडले.

“आम्ही आता नव्यापाशी बसणार,” त्या जुन्या डब्याला म्हणाल्या. “तुम्हीबी चला.”

मग जुन्या डब्यावर अक्षता टाकून, गणपतीला उत्तरपूजेनंतर हलवतात तसा त्यांनी तो बोटभर सरकवला. तेवढं झालं की मूर्तीत देव राहत नाही, नुसती माती उरते. सुपारी त्यांनी नव्या कीबोर्डवर आणून ठेवली. मी सीडी हातात धरून उभा होतो. एरवी मी काहीतरी टोचून बोललो असतो. त्या जुन्या डब्यात डिस्कच नव्हती, ती माझ्या दुकानात होती, एवढं तरी म्हणालो असतो.

मी फोल्डर उतरवला. एकशे बारा फाइली. सवयीनं परत मोजल्या. एकशे तेरा होत्या.

शेवटची फाइल त्याच दिवसाची होती, त्याच मिनिटाची. मी ती उघडली. आत एकच शब्द होता.

पोचलो.

मी ती फाइल पुसली. मोजलं तर एकशे बारा. मशीन नवं आहे, कधी कधी तात्पुरत्या फाइली तयार होतात, असं मी मनाशी म्हणालो, आणि तात्पुरत्या फाइलींत मराठी शब्द नसतात हे मनाशी म्हणालो नाही. सत्यशीलाबाईंनी माझं तोंड पाहिलं. त्या खाली गेल्या आणि वाटीतून साखर घेऊन आल्या. आधी रावसाहेबांच्या तळहातावर ठेवली, मग माझ्या.

पंधरा दिवसांनी चौकशी म्हणून मी त्यांच्या मोबाइलवर फोन केला. त्या खुशीत होत्या. नवं मशीन लई चपळ हाय, आता तो रोज येतो, असं म्हणाल्या. कोण बोलतंय हे मात्र त्यांनी मला दोनदा विचारलं.

त्याच संध्याकाळी मी विश्वजीतला परत फोन केला आणि जे बोलू नये ते सगळं बोललो. आई आहे तोवर ये, असं मी त्याला सांगितलं. भुताखेताचं काही सांगितलं नाही. काय सांगणार होतो?

७

तो आला. दिवाळी होऊन गेल्यावरच्या रविवारी सकाळी विमानतळावरून थेट माझ्या घरी आला, निळा चौकटीचा शर्ट, एक बॅग. एकटं जायचा त्याला धीर होत नव्हता. निघण्याआधी त्यानं आईला फोन केला होता आणि तिनं, आपण कोण बोलताय, असं विचारून फोन ठेवला होता. लाइन खराब असेल, असं तो रिक्षात मला दोनदा म्हणाला.

दार सत्यशीलाबाईंनी उघडलं. मला पाहून हसल्या. मग त्याच्याकडे पाहून तशाच हसल्या, पाहुण्याकडे पाहून हसतात तसं, आणि पदर डोक्यावर घेतला.

“श्रीधरभाऊ, पाव्हणे कोण?” त्या म्हणाल्या. “या, बसा. जरा हळू बोला. आमचा विश्वजीत बोलतोय वर.”

वरून आवाज येत होता. मोकळा, हसरा, जरासा घोगरा. तो आवाज रिक्षातून माझ्याशेजारी बसून आला होता. माझ्याशेजारचा माणूस तोंड मिटून उभा होता.

“आई,” वरचा आवाज म्हणाला, “निळ्या शर्टातले कोण आहेत?”

आणि वर शांतता झाली.

विश्वजीतनं ते ऐकलं की नाही, मला माहीत नाही. तो आईसमोर गुडघ्यांवर बसला होता आणि तिचे हात धरून सांगायला लागला होता. आई, मी विश्वजीत. ही हनुवटीवरची खूण बघ, घोरपडीच्या बांधावरून पडलो होतो. तू हळद दाबून धरली होतीस. भराभर सांगायचो बाबांना शेतांची नावं, ते मला खांद्यावर बसवून विचारायचे. तो रडत होता. तिनं हात सोडवून घेतले नाहीत. परक्या माणसाचं दुःख ऐकावं तसं ती मान हलवत ऐकत होती.

वर डिस्क करकरायला लागली.

तो आवाज ओळखायला मला वेळ लागला नाही. मी त्याचा खांदा धरला, बोलू नका म्हणालो, एकही शब्द बोलू नका. त्यानं माझा हात झटकला. त्याच्याजवळ आईला पटवायला दुसरं होतंच काय? मग मी प्लग काढायला जिन्यावरून वर धावलो.

वळणापाशी थांबलो. खोलीचं दार अर्धं उघडं होतं. रावसाहेबांची पाठ दिसत होती, टोपी दिसत होती. नव्या मशीनचा प्लग भिंतीत नव्हताच. वायर गुंडाळून टेबलाच्या पायाशी ठेवलेली होती. पडदा उजळलेला होता. त्यात ज्वारीचं शेत होतं, हुरड्याला आलेलं, वाऱ्यानं हलणारं. मागे तीन जांभळी होत्या. बांधावर कोणीतरी आमच्याकडे पाठ करून उकिडवं बसलं होतं, मान जराशी कलती ठेवून. खालून विश्वजीतचा आवाज येत होता आणि प्रत्येक वाक्याला ते मान डोलवत होतं. मग त्याला मी आल्याचं कळलं असावं. ते बसल्या जागी वळायला लागलं. त्याला तोंड आहे का, असलं तर कोणाचं आहे, हे पाहायला मी थांबलो नाही.

मी खाली आलो तेव्हा विश्वजीतचं बोलणं मंदावलं होतं. तो पहिल्या सायकलीबद्दल सांगत होता. मग शब्द शोधू लागला. आणि त्या झाडाखाली, असं म्हणून थांबला. कुठल्या झाडाखाली, असं सत्यशीलाबाईंनी आपुलकीनं विचारलं. त्यानं आठवून पाहिलं. गालावर हात फिरवला आणि ओल्या बोटांकडे पाहत राहिला. तो उठून खुर्चीवर नीट बसला, गुडघ्यांवरची धूळ झटकली, आणि माझ्याकडे पाहून ओशाळं हसला, उगाच कोणाच्या घरात शिरल्यासारखा.

वरची करकर थांबली होती. मी त्याला ओढून बाहेर न्यायला हवं होतं, पण आता नेऊन काय उपयोग, हेही मला कळत होतं.

सत्यशीलाबाई आतून तांब्या-भांडं घेऊन आल्या. त्याला पाणी दिलं. तो घटाघट प्यायला, लांबून आलेला होता. त्या समोर बसल्या आणि आल्यागेल्याला विचारतात तशी त्याची विचारपूस करू लागल्या.

“आईवडील हायेत ना आपले?” त्यांनी विचारलं.

त्यानं भांडं खाली ठेवलं. बराच वेळ मनापासून आठवून पाहिलं. मग उत्तर मला ठाऊक असेल अशा आशेनं तो माझ्याकडे वळला.